डोक्यावरून गेलेला महाराजा

घरात मुलांचा नकाशासंग्रह असेल तर महाराष्ट्र-कर्नाटकाचे पान उघडा. मुंबईवर पट्टीचे एक टोक ठेवा, दुसरे बळ्ळारीवर, आणि पेन्सिलीने रेघ ओढा. ही रेघ भोरवरून खाली उतरते, कोरेगावच्या बाजूने वडूजला येते, खानापूर तालुका कापते आणि कवठेमहांकाळ व जत यांच्यामधून कर्नाटकात शिरते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा हा पूर्वेकडचा, पावसाने नेहमीच पाठ फिरवलेला भाग. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे एक छोटे ‘पस मॉथ’ विमान मुंबईत जुहूला उतरवले. त्यातली मद्रासची टपालाची थैली घेऊन त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट पुढे उडाले ते बळ्ळारीमार्गेच. वैमानिक काही पट्टी लावून उडत नाही. वारा, ढग, डोंगर पाहून वाट थोडी इकडेतिकडे होणारच. तरीही पुढे ‘एअर इंडिया’ झालेल्या त्या विमानसेवेची अगदी पहिली घरघर ज्या गावांच्या आसपासच्या आभाळात उमटली, त्यांत आपली ही गावे असणार असे मानायला हरकत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत या गावांचा आणि त्या कंपनीचा संबंध साधारण तसाच राहिला आहे. ती वरून गेली, आपण मान वर करून पाहिले. मात्र मधली जवळजवळ सत्तर वर्षे आपण तिचे मालकही होतो. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या ध्यानात आली ती थेट ती कंपनी विकली गेली तेव्हा.

टाटांच्या त्या टपालसेवेने पहिल्या वर्षात १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा मिळवला. १५५ प्रवासी म्हणजे आपल्या एस. टी.च्या तीन गाड्या. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. १९४६मध्ये या टाटा एअरलाइन्सची ‘एअर-इंडिया’ नावाची सार्वजनिक कंपनी झाली. त्याच वर्षी बॉबी कुका यांच्या डोक्यातून आणि उमेश राव या चित्रकाराच्या कुंचल्यातून तो मिशाळ, फेटेवाला, कमरेत वाकलेला महाराजा जन्माला आला.

या महाराजाची वेळ मोठी मौजेची होती. जून १९४८मध्ये तो विलायतेला निघाला. त्याआधी तीनच महिने, ८ मार्च १९४८ला, सांगलीसह दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली होती. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही सगळी राजांची गावे. खऱ्या राजांचे राज्य खालसा होत होते आणि कागदावरचा राजा तिकिटे विकायला गादीवर बसत होता! जाहिरातीत तो दर मंगळवारी आपल्याबरोबर लंडनला चला म्हणून निमंत्रण देई. भाडे फक्त १,७२० रुपये. ८ जून १९४८च्या मंगळवारी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टलेशन विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. प्रवाशांत संस्थानिकही होतेच.

त्या ‘फक्त’ शब्दाचे वजन कळायला कराडजवळच्या गोळेश्वरला जावे. खाशाबा जाधव त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला खेळले होते. १९५२मध्ये त्यांना हेलसिंकीला जायचे होते, तेव्हा गावोगाव वर्गणी फिरली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. परदेशप्रवास ही गोष्ट आपल्या मुलखात किती लांबची होती, हे सांगायला आणखी कसला पुरावा हवा?

सरकारी झाली आणि मोठी झाली

१९४८च्या ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’मध्ये सरकारचे ४९ टक्के भांडवल होते. १ ऑगस्ट १९५३पासून विमानवाहतुकीचे पूर्ण राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे गेली, परदेशची एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे. जे. आर. डीं.ना हा निर्णय मुळीच रुचला नव्हता. आपल्याशी नीट सल्लामसलत झाली नाही ही खंत त्यांनी लपवली नाही. तरी नेहरूंनी सांगितले म्हणून ते अध्यक्ष झाले आणि एक पैसा वेतन न घेता पंचवीस वर्षे राहिले.

सरकारी म्हटले की गबाळे, असा आपला एक पक्का समज आहे. त्या समजाला या पंचवीस वर्षांनी चांगलाच छेद दिला. भांडवल सरकारचे आणि नजर टाटांची, असा तो संसार होता. ही नजर कशी? अध्यक्ष स्वतः विमानातून जाताना पडद्याचा रंग, प्रसाधनगृहातली स्वच्छता, बसायच्या खुर्चीचा कल, चहाचा नि कॉफीचा रंग वेगळा ओळखू येतो की नाही, या सगळ्यांची टिपणे काढीत आणि उतरल्यावर ती ज्याच्या त्याच्या टेबलावर जात. बड्या कंपन्यांशी पैशाच्या बळावर स्पर्धा करता येणार नाही, तर वेळ आणि आतिथ्य यांच्या बळावर करू, असा तो हिशेब होता. तो बरोबर ठरला. बी. ओ. ए. सी. आणि क्वांटास या मातब्बर कंपन्यांनी एअर इंडियाबरोबर उत्पन्न वाटून घेण्याचे करार केले. नवख्या देशाच्या कंपनीला बरोबरीने पंगतीला बसवले, असाच त्याचा अर्थ.

१९६० हे साल आपल्या दृष्टीने विशेष. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण जन्मले देवराष्ट्र्याचे, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, आताच्या सांगली जिल्ह्यातले. दोनच आठवड्यांनी, १४ मे रोजी, एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. त्याच वर्षी कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आणि १९४९मध्ये साताऱ्यातून वेगळा निघालेला ‘दक्षिण सातारा’ जिल्हा १९६०च्या नोव्हेंबरात ‘सांगली’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या घटनांचा एकमेकींशी काही कार्यकारणभाव नाही, हे कबूल. पण सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७पासून होतेच, त्यात कराडची भर पडली. मिरजेला मिशन हॉस्पिटलमुळे डॉक्टर आणि परिचारिका तयार होत होत्या. एका बाजूने शिकलेली पोरे तयार होत होती आणि दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्कची वाट उघडत होती. कधीतरी दोन्हींची गाठ पडायचीच.

ती कशी पडे, हे पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. मुलाला अमेरिकेत प्रवेश मिळाला की पहिली बातमी गल्लीत, दुसरी सावकाराकडे वा सोसायटीकडे. मग पासपोर्ट, रिझर्व्ह बँकेचा ‘पी’ फॉर्म, परकीय चलनाचे अर्ज. बरोबर न्यायला मिळत ते आठ डॉलर. वजनाला वीस किलोंची मर्यादा. त्यात लोकरी कपडे आणि पुस्तके कोंबल्यावर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांना आणि सांगलीकडच्या भडंगाला जागा करायची, यावरून आई आणि वडील यांच्यात शेवटच्या रात्रीपर्यंत वाद. १९७१च्या आधी मिरजेहून निघायचे तर मीटरगेजने पुण्याला जाऊन तिथे गाडी बदलावी लागे. रुंद रूळ आल्यावर महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री बसवून सकाळी मुंबईत सोडू लागली. एका जाणाऱ्यामागे पोहोचवायला पंधरा-वीस जण. मामा, मावश्या, शेजारचे मास्तर आणि ज्याची मुंबईत खोली आहे तो दूरचा भाऊ. त्यातल्या बहुतेकांनी विमान जवळून पाहिले ते त्या एका दिवशी. गळ्यात हार, कपाळाला कुंकू आणि हातात नारळ अशा थाटात मुलगा आत गेला, की सगळे सांताक्रूझच्या गच्चीवर शेपटीवरचे अक्षर वाचीत उभे. विमान दिसेनासे झाल्यावर मोजलेले पैसे काढून वडा-चहा आणि परतीची गाडी. या प्रवासात एअर इंडियाचे भाडे एका माणसाने भरले. पण ‘आपल्या विमानाने’ गेला, हे समाधान वीसही जणांनी घरी आणले.

‘आपले’ म्हणायला आणखीही एक कारण होते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, कारखाने आणि हँगर सांताक्रूझ-कालिन्याला. तांत्रिक कामगार, सामान चढवणारे, चालक, कारकून यांत मराठी माणूस मोठ्या संख्येने. एअर इंडियाचा कबड्डी संघ मैदानावर उतरला की प्रेक्षकांत जाणकारांची कुजबूज सुरू होई. लग्नाच्या बाजारात ‘एअर इंडियात आहे’ या तीन शब्दांना बँकेच्या नोकरीइतकी, कधी त्याहून चढी किंमत येई. कारण सुनेला वर्षातून एकदा फुकट विमान मिळणार! १९७४च्या सुमारास नरिमन पॉइंटला तेवीस मजली इमारत उभी राहिली. माथ्यावर धनुष्यधारी ‘सेंटॉर’चे बोधचिन्ह. मुंबई पाहायला आलेल्या शाळेच्या सहलींना समुद्र, राणीची बाग आणि ही इमारत अशी तीन ठिकाणे दाखवली जात.

अपघातांचा उल्लेख टाळता येत नाही. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समध्ये माँ ब्लांवर आदळले. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ जवळजवळ त्याच जागी कोसळले. ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. तिथली हिमनदी अजूनही त्या विमानातल्या वस्तू खाली आणून देते; २०२०मध्ये तिने इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली भारतीय वर्तमानपत्रे परत केली, वाचता येतील अशी! १९७८च्या पहिल्याच दिवशी ‘एम्परर अशोक’ हे जम्बो वांद्र्यासमोर समुद्रात पडले, २१३ बळी. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ बाँबने फुटले, ३२९ बळी.

‘एम्परर अशोक’ पडल्यानंतर महिन्याभरातच जनता सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. दोन्हींचा संबंध जोडू नये. पण कंपनीच्या आयुष्याचा एक भाग त्या महिन्यात संपला, हे खरे. पुढे इंदिराबाईंनी त्यांना संचालक मंडळावर परत बोलावले, तरी घरचा कारभारी एकदा बदलला की मग जुन्या माणसाला पंगतीत मानाने बसवतात, किल्ल्या काही देत नाहीत.

एकोणसाठ दिवस

मला विचाराल तर एअर इंडियाचे सर्वांत मोठे काम लाल गालिचाचे नव्हते, ते उन्हात तापलेल्या धावपट्टीवरचे होते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. आपल्या दोन जिल्ह्यांतून केरळ किंवा कोकणाइतकी माणसे आखातात कधीच गेली नाहीत. पण परमुलखाची सवय या मातीला जुनी. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळत बसलेच होते. तसेच कुणी वायरमन, कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर, मिरजेत शिकलेली कुणी परिचारिका, असे जण आखातात पोहोचले होते. गावी त्यांच्या पैशावर विहीर खोदली जात होती, बहिणीचे लग्न ठरले होते. एका रात्रीत कुवेती दिनाराचा कागद झाला. बँका बंद, फोन बंद. गावाकडच्या घरांना माणूस जिवंत आहे की नाही हेही कळेना.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांना भेटले आणि माणसांना बाहेर पडायची वाट मिळाली. ती वाट अशी : कुवेतहून बसने बसरा, बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द, तिथल्या छावण्यांत तंबूत मुक्काम आणि मग अम्मान. अम्मानहून मुंबई. इथे विमानकंपनी सरकारी असण्याचा अर्थ पहिल्यांदा सामान्य माणसाला कळला. हिशेबी कंपनीने पहिला प्रश्न विचारला असता, तिकिटाचे पैसे कोण देणार? इथे तो प्रश्न नंतरसाठी ठेवला गेला. नेहमीच्या वेळापत्रकातून विमाने काढायची, एका कर्मचारी-तुकडीचे कामाचे तास भरण्याआधी दुसरी तयार ठेवायची, अम्मानला इंधन आणि जागा मिळवायची, येताना प्रत्येक खुर्ची भरायची, मुंबईत उतरवून लगेच परत जायचे. १३ ऑगस्टपासून ५९ दिवस हे चालू होते. ४८८ उड्डाणे झाली आणि १ लाख ११ हजारांहून अधिक माणसे घरी आली. नागरी विमानांनी केलेली जगातली सर्वांत मोठी सुटका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

पासपोर्ट हरवलेले, खिशात काही नाही, पायात चप्पल नाही, असे प्रवासी महाराजाने याआधी कधी घेतले नव्हते. २०१६मध्ये यावर ‘एअरलिफ्ट’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात एका धाडसी व्यापाऱ्याने सगळे जुळवल्याचे दिसते आणि सरकारी माणसे बरीचशी सुस्त. परराष्ट्र खात्याने आणि त्यावेळी राबलेल्या अधिकाऱ्यांनी त्यावर नाराजी दाखवली, ती मला रास्त वाटते. फायलीवर सही करणाऱ्या माणसावर सिनेमा निघत नाही, हे मान्य; पण ४८८ विमाने कुणा एकट्या शूरवीराने उडवलेली नव्हती.

पुढे २०११मध्ये लिबियातून, २०१५मध्ये येमेनमधून, २०२०मध्ये महामारीच्या काळात वुहानपासून थेट अमेरिकेपर्यंत हीच कंपनी धावली. त्या वर्षी परदेशी अडकलेल्या मुलांची वाट पाहणाऱ्या घरांत सातारा-सांगलीची घरे किती तरी होती.

बिल

मग अशी कंपनी बुडाली कशी? याचे एका ओळीचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ‘सरकारी होती म्हणून’ हे त्यांतले सर्वांत सोपे उत्तर. पण सरकारी तर ती १९५३पासून होती. माझ्या मते बुडवले ते निर्णयांनी, आणि ते निर्णय कंपनीच्या गरजेपेक्षा दिल्लीच्या सोयीने झाले. १९८५मध्ये दुबईत एमिरेट्स निघाली आणि आपला प्रवासी दुबईत विमान बदलून जगभर जाऊ लागला. आपली कंपनी तेव्हा नवी विमाने घ्यावीत की नाही यावर वर्षानुवर्षे चर्चा करत बसली. नंतर एकदम जाग आली ती अशी की, २००५-०६मध्ये एअर इंडिया आणि इंडियन मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली गेली, बव्हंशी कर्ज काढून. २००७मध्ये दोन्हींचे लग्न लावले. दोघींचे पगार वेगळे, पदे वेगळी, विमानांच्या जाती वेगळ्या, युनियन वेगळ्या. महालेखापालांनी २०११च्या अहवालात या खरेदीवर आणि विलीनीकरणावर कडक ताशेरे ओढले. मुख्यालयही २०१३मध्ये मुंबईहून दिल्लीला गेले.

शेवटी २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परत गेली, १८ हजार कोटी रुपयांना. वर्तमानपत्रांत ‘घरवापसी’चे मथळे झळकले. आम्हालाही बरे वाटले. पण त्या १८ हजारांतले रोख २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी उचललेले कर्ज. कंपनीवर एकूण कर्ज होते ६१,५६२ कोटी. मग राहिलेले ४६,२६२ कोटी? ते सरकारने काढलेल्या एका वेगळ्या कंपनीच्या नावावर गेले. सरकारच्या म्हणजे तुमच्या-आमच्या. देशातल्या माणसांत वाटले तर माणशी सव्वातीनशे रुपयांच्या आसपास येतात. जतच्या पूर्व भागात टँकरची वाट पाहणारी आजी, जिने विमान फक्त खालून पाहिले, तिच्या वाट्यालाही तेवढेच. विकायला हवी होती का? बहुधा होय, रोज तोटा वाढत होता. पण हे बिल तिला कुणी वाचून दाखवले नाही.

नव्या मालकांच्या वाट्याला मोठी परीक्षा लवकरच आली. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले ड्रीमलायनर उड्डाणानंतर काही क्षणांत वसतिगृहाच्या इमारतींवर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले.

आणि आपले दोन जिल्हे? कराडला १९५५मध्ये कोयना प्रकल्पासाठी बांधलेली छोटी धावपट्टी आहे. तिच्या विस्तारासाठी जमीन द्यायची की नाही यावर बागायतदार शेतकऱ्यांचे आणि सरकारचे पिढ्यान्‌पिढ्या भांडण. उसाच्या मळ्यातून धावपट्टी काढायची म्हटल्यावर शेतकरी चिडणारच, त्यात त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. सांगलीजवळ कवलापूरची जागा विमानतळाच्या आश्वासनावर निवडणुकीमागून निवडणुका पाहते आहे. आपला प्रवासी कोल्हापूरला, पुण्याला किंवा मुंबईला जातो. पोहोचवायला आता एकच जण गाडी घेऊन येतो, आणि दारावरच सोडून परततो. गच्ची नाही, हार नाही. घरी पोचायच्या आत मुलाचा दुबईहून फोन आलेला असतो.

नरिमन पॉइंटची ती इमारत मात्र पुन्हा आपल्याकडे आली आहे. कर्जफेडीसाठी विकायला काढलेल्या मालमत्तेत तीही होती. मूळ भूखंड महाराष्ट्र सरकारनेच भाडेपट्ट्याने दिलेला. त्यावरची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपये मोजून घेण्याचे ठरवले आणि २०२४मध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. मंत्रालयात न मावणारी खाती तिथे न्यायची, असा बेत आहे. म्हणजे साताऱ्याचा किंवा सांगलीचा माणूस महालक्ष्मीने उतरून आता त्या इमारतीत जाईल, लिफ्टने वर चढेल, समोर पसरलेला समुद्र क्षणभर पाहील आणि टेबलावरच्या साहेबांना विचारेल, ‘आमची फाईल कुठवर आली?’